तारकर्लीजवळची एक परमिट रूम: मासळी उत्तम, शिस्त त्याहून उत्तम

तारकर्लीहून देवबागकडे जाताना एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी अशी जी चिंचोळी पट्टी लागते, तिच्यावर एका मालवणी कुटुंबाने चालवलेली ही परमिट रूम आणि तिला लागूनच खानावळ आहे. मालकांनी विनंती केल्यामुळे नाव देत नाही. त्या विनंतीचे कारण पुढे येईल. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले आणि तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके हे येथील दोन पदार्थ आवर्जून मागवावेत. सोलकढी कोकमाच्या आगळाची आणि ताज्या नारळाच्या रसाची असते. सुरमईची तुकडी मात्र पर्यटकांची गर्दी वाढली की पातळ होते, आणि भाव तोच राहतो.

तरीही मी हे लिहितो आहे ते जेवणासाठी नव्हे. शनिवारी रात्री या पट्टीवर दारू पिऊन होणारा धिंगाणा, गाड्यांचे मोठ्याने लावलेले स्पीकर आणि वाळूवर फोडलेल्या बाटल्या यांमुळे अनेक कुटुंबांनी अंधार पडल्यावर बाहेर पडणे सोडले असताना, या एका जागी बायका आणि मुले रात्री उशिरापर्यंत निर्धास्त जेवत बसलेली दिसतात. दारू मागणाऱ्याचे वय पाहिले जाते, म्हणजे बिअरसाठी एकवीस आणि कडक मद्यासाठी पंचवीस वर्षे, आणि तोल गेलेल्या माणसाला पुढचा पेग मिळत नाही. 'दादानू, आज दारू मिळूची नाय, जेवूचा आसात तर बसा,' असे वडीलधारे मालक शांतपणे सांगतात आणि बहुतेक जण ऐकतात. जे ऐकत नाहीत, मारामारी करतात किंवा वेटरच्या अंगावर धावून जातात, त्यांची नावे गल्ल्याजवळच्या एका वहीत लिहिली जातात आणि त्या हंगामात त्यांना दारातूनच परत पाठवले जाते. नाव छापू नका, असे मालकांनी सांगितले ते या वहीमुळेच.

ही वही मला मनापासून आवडली, पण तिची मर्यादाही त्याच रात्री कळते. येथून परत पाठवलेला माणूस चार पावलांवरच्या दुसऱ्या ठिकाणी जातो, किंवा वाइन शॉपमधून बाटली घेऊन थेट किनाऱ्यावर बसतो. मालकाचा अधिकार त्याच्या उंबरठ्यापाशी संपतो, आणि त्यापुढचे काम पोलिसांचे आहे.

पोलिसांच्या हाती आज काय आहे, ते पाहिले की मधली पायरीच नसल्याचे लक्षात येते. सार्वजनिक जागी नशेत गैरवर्तन करणाऱ्याला १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५५ नुसार चोवीस तासांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा होऊ शकते. दंड भरलेला माणूस पुढच्या शनिवारी त्याच वाळूवर हजर असतो. दुसऱ्या टोकाला महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खालची तडीपारी आहे. ती जास्तीत जास्त दोन वर्षांची असते आणि माणसाला जिल्ह्याबाहेरही घालवते. हे असाधारण पाऊल असून ते जपूनच उचलावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये दीपक लक्ष्मण डोंगरे यांच्या प्रकरणात स्पष्ट केले, आणि ते योग्यच आहे. गावातील स्त्रियांना मतदानाने बाटली आडवी करून दुकान बंद पाडता येते, पण त्याने नीट वागणाऱ्या मालकाचाही धंदा बुडतो आणि धिंगाणा घालणारा शेजारच्या गावात पिऊन परत येतो.

हवा आहे तो ठरावीक जागेपुरता आणि ठरावीक मुदतीचा मज्जाव. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१४ च्या कायद्यानुसार, वरिष्ठ अधिकाऱ्याने आधी मंजुरी दिलेली असेल तर, पोलीस एखाद्याला विशिष्ट भागातून अठ्ठेचाळीस तासांपर्यंत दूर राहण्यास सांगू शकतात. पश्चिम ऑस्ट्रेलियाने २०२२ मध्ये पर्थच्या नॉर्थब्रिजसह पाच रात्रजीवनाच्या भागांसाठी याहून कडक कायदा केला. तेथे पोलिसांना सहा महिन्यांपर्यंत प्रवेशबंदी करता येते. सहा महिने मला फार वाटतात, कारण त्यात न्यायालयासमोर जाण्यापूर्वीच शिक्षा भोगून होते. इंग्लंडच्या कायद्यातील एक गोष्ट मात्र देवबागला जशीच्या तशी लागू व्हावी: कोणालाही स्वतःच्या घरापासून किंवा कामाच्या जागेपासून अडवता येत नाही. येथे दारू पिऊन भांडणारा प्रत्येक जण मुंबई-पुण्याचा पाहुणा नसतो. काहींचे घर याच रस्त्यावर आहे, होडी याच किनाऱ्यावर ओढलेली आहे आणि पहाटे रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढायला त्यांना जावेच लागते. ज्या आदेशाने त्यांची रोजी बुडेल, तो अन्यायाचा होईल.

म्हणूनच मालकांच्या वहीबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती मी त्यांना तोंडावरही सांगितली. ज्याचे नाव लिहिले त्याला ते का लिहिले आणि ते कधी खोडले जाईल, हे सांगितले जात नाही. पोलिसांनी असा मज्जाव करावा तर तो लेखी, कारणासह, मुदतीसह आणि दाद मागण्याची सोय ठेवून करावा, असे मी म्हणतो. मग चांगल्या खानावळीकडूनही एवढीच अपेक्षा का ठेवू नये? मालकांनी ऐकून घेतले, 'बघतंय' म्हणाले, आणि त्यांच्या मुलाने दारावर नियमांची पाटी लावायचे कबूल केले.

दुसरी उणीव गाडीची. मद्य घेतलेल्या पाहुण्याला मालवणपर्यंत सोडणारी रिक्षा बोलावून देण्याची व्यवस्था येथे नाही, आणि रात्री या रस्त्यावर रिक्षा सहज मिळत नाही. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळले, तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या अरुंद, वळणांच्या रस्त्यावर त्याहून मोठे नुकसान कशाने होईल ते सांगायला नको. ओळखीच्या दोन रिक्षावाल्यांचे क्रमांक गल्ल्यावर ठेवले तरी पुरे आहे. तोवर पिणार असाल तर न पिणारा एक जण सोबत घेऊनच जा, आणि शनिवारी लवकर पोहोचा, कारण तिसऱ्यांचे सुके रात्री नऊनंतर क्वचितच उरते.