खांद्याची डायनॅमिक सोनोग्राफी, पुणे – अनुभव एकदम चांगला

आईचा हात वर करताना मध्येच अडकायचा आणि कळ यायची, एमआरआयमध्ये खास काही निघालं नाही म्हणून ऑर्थोपेडिकनी ही टेस्ट, म्हणजे खांदा हलवत असतानाच केलेली सोनोग्राफी, सांगितली. एमआरआयला न हलता पडून राहावं लागतं ना, मग जे फक्त हालचाल करतानाच दुखतं ते त्यात सुटू शकतं.

इथे डॉक्टरांनी आईला स्टुलावर बसवलं, आधी हात मागच्या खिशावर ठेवतो तसा ठेवायला लावला, त्याने सुप्रास्पायनेटस टेंडन (हात बाजूने वर न्यायला मदत करणाऱ्या स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) हाडाखालून पुढे येतो आणि नीट दिसतो. मग प्रोब खांद्याच्या टोकावर धरून हात बाजूने हळूहळू वर न्यायला सांगितला आणि स्क्रीनवर टेंडन सरकताना चक्क लाइव्ह दिसत होता, ॲक्रोमियनच्या (खांद्याच्या टोकावरच्या हाडाच्या) कडेशी आला की वरचा बर्सा (घर्षण कमी करणारी पातळ पिशवी) गोळा होऊन फुगायचा आणि नेमकं तेव्हाच आई "आई गं" म्हणायची! दुसरा खांदाही तसाच हलवून दाखवला, तिथे सगळं सुरळीत. इतके महिने तिचं दुखणं कोणाला दिसत नव्हतं, ते तिला स्वतःला दिसलं, याचं मला फार बरं वाटलं.

रेडिएशन नाही, इंजेक्शन नाही.

एक खटकलं, रिपोर्टसोबत फक्त स्थिर फोटो दिले, व्हिडिओ क्लिप मागूनही मिळाली नाही. अहो, सगळी गंमत हालचालीतच आहे ना!

यात करणाऱ्याचा हात फार महत्त्वाचा, म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच विचारा की सांधे-स्नायूंची सोनोग्राफी नेहमी करणारे डॉक्टर कधी असतात, आणि सैल बाह्यांचे कपडे घालून जा.