मकरपुऱ्यातील मशीन शॉप : अँबॅसेडरचा कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगा

माझ्याकडे १९६४ची अँबॅसेडर मार्क २ आहे आणि तिचे १४८९ सीसीचे मूळ इंजिन अजून शाबूत आहे. जानेवारी २०२३मध्ये वडोदऱ्यातील लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात भरलेले जुन्या गाड्यांचे प्रदर्शन पाहिल्यावर ते इंजिन थोडे चपळ करण्याची हौस आली, आणि त्या हौसेपायी एका गॅरेजकडून व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या झडपा) मिटवणाऱ्या नुसत्या कडक स्प्रिंगा बसवून घेतल्या. सहा महिन्यांत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचे दोन लोब, म्हणजे त्या दांड्यावरचे उंचवटे, झिजले.

त्यानंतर मकरपुरा जीआयडीसी या तिथल्याच औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा मशीन शॉपमध्ये गेलो. तेथील मिस्त्रींनी काम घेण्याआधी इंजिनाचे हेड (सिलिंडरवरचा भाग) उतरवून प्रत्येक स्प्रिंग दाबयंत्रावर चढवली. इंजिनाचे फेरे दीडपट झाले की व्हॉल्व्ह आणि लोबचा धक्का त्याच्यापर्यंत नेणारे पुशरॉड व रॉकर यांना आवरण्यासाठी लागणारे बल सव्वादोनपट होते. स्प्रिंग कमी पडली तर लोबवर टेकून पुशरॉड उचलणारा टॅपेट लोबला सोडून देतो आणि व्हॉल्व्ह वेळेवर न मिटता तरंगू लागतो, हे मला ऐकून माहीत होते. मात्र तोच जादा दाब मंद गतीवर, तेल जेमतेम पोहोचत असताना, लोब आणि टॅपेट यांच्यातील अरुंद रेषेवर अखंड पडत राहतो, हे त्यांनी झिजलेला लोब हातात देऊन दाखवले.

मला व्हॉल्व्हची उघड बरीच वाढवून हवी होती. त्यांनी नकार दिला, आणि कारणेही दिली. जुनाच शाफ्ट घासून उंची मिळवायची तर लोबचा पाठीकडचा गोल भाग लहान करावा लागतो. टॅपेट तेवढा खाली बसतो, पुशरॉड तोकडे पडतात, आणि कडक केलेला थर पातळ असेल तर मऊ धातू उघडा पडतो. शिवाय पूर्ण उघडीच्या वेळी स्प्रिंगेची वेटोळी एकमेकांना टेकता कामा नयेत. पिस्टनच्या माथ्यावर प्लास्टिसिनचा गोळा ठेवून, इंजिन हाताने फिरवून त्यांनी व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातील अंतर मोजले, तेव्हा माझा हट्ट आपोआप मावळला.

अखेर सौम्य घासणी, सगळे नवे टॅपेट आणि मूळ स्प्रिंगांपेक्षा किंचितच ताठ स्प्रिंगा असे ठरले. इंजिन प्रथम सुरू करताना ते मंद न ठेवता वीस मिनिटे दर मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास चालवले, कारण लोबवर तेल उडते ते पिस्टनमुळे फिरणाऱ्या क्रँकच्या वेगामुळे. तेलही जस्त-फॉस्फरसयुक्त, जुन्या इंजिनांना मानवणारे घातले.

कामात खोट नाही. चढावर गाडी आता दम टाकत नाही. तक्रार वेळेची आहे. तीन आठवड्यांचे दोन महिने झाले, आणि एकही माप त्यांनी कागदावर दिले नाही. तिसऱ्या भेटीपासून मी स्वतःच वही नेऊ लागलो, आणि त्यांनीही विचारलेला प्रत्येक आकडा न कुरकुरता सांगितला.