तालुक्याच्या नर्सिंग शाळा आणि लॅबचे वर्ग: पैसे कुठे वसूल होतात, कुठे बुडतात

बारावीचा निकाल लागला की विदर्भातल्या तालुक्यांच्या एसटी स्टँडवर ‘नर्सिंग करा, शंभर टक्के नोकरी’ असे फ्लेक्स झळकू लागतात. त्या एका शब्दाखाली तीन वेगवेगळे माल विकले जातात. पहिला म्हणजे एएनएम (ऑक्झिलरी नर्स-मिडवाइफ, 2 वर्षं) आणि जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, 3 वर्षं). हे शिकून महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते आणि त्या नोंदणीवरच जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविकेचा किंवा सरकारी अधिपरिचारिकेचा फॉर्म भरता येतो. दुसरा जीडीए (जनरल ड्युटी असिस्टंट), काही महिन्यांचा. यातून रुग्णसेवकाचं काम मिळतं, नर्सचं नाही. कोर्स वाईट नाही, पण डीडीयू-जीकेवाय (दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना) या केंद्राच्या योजनेत ग्रामीण गरीब घरांतल्या मुलामुलींना असं प्रशिक्षण फुकट मिळत असताना त्यासाठी कापसाचे पैसे मोजायचं कारण नाही. तिसरा, संस्थेच्या स्वतःच्या लेटरहेडवरचा ‘नर्सिंग डिप्लोमा’. सरकारी भरतीत त्याची किंमत शून्य.

आमचा पहिला कौल जिल्हा रुग्णालयांना जोडलेल्या सरकारी शाळांना. फी नाममात्र, इमारतीला थाट नाही, पण वॉर्ड भरलेले. जागा मोजक्या असल्यानं चुरस मोठी असते. दुसरा कौल मोठं रुग्णालय पाठीशी असलेल्या संस्थांना. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय यांसारख्या ठिकाणी मुलीला सर्जरी, बाळंतपण, अतिदक्षता विभाग असं सगळं एकाच आवारात बघायला मिळतं. फी मात्र संस्थेगणिक बदलते, तेव्हा नाव ऐकून नाही, फीचा कागद हातात घेऊन ठरवा.

खरी पारख लागते ती तालुक्यातल्या खासगी शाळेची. यात चांगल्याही आहेत. पण ऑफिसात चहा घेण्याआधी परिचर्या परिषदेच्या वेबसाइटवरची यादी उघडा आणि चार गोष्टी जुळवून बघा: संस्थेचं पूर्ण नाव, गाव, कोर्स आणि मंजूर जागा. फसवणूक बहुतेक या चारांतच लपलेली असते. मान्यता एएनएमची आणि प्रवेश जीएनएमचे. मान्यता एका गावच्या शाळेला आणि वर्ग दुसऱ्या गावी. मंजूर जागा 20 आणि बाकावर पस्तीस मुली. वरच्या पंधरा जणींचं काय होतं ते परीक्षेचा फॉर्म भरताना कळतं, तोवर वर्षाची फी गेलेली असते. भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या मान्यतापत्रावर कोणतं वर्ष आहे तेही वाचा.

नंतर वॉर्ड. ‘आमचं टायअप आहे’ यावर थांबू नका. कुठलं रुग्णालय, किती खाटा, त्यांतल्या रोज भरलेल्या किती, आणि तिथे आणखी किती शाळांच्या मुली येतात, हे विचारा. एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असा नियमाचा हिशेब आहे. ग्रामीण रुग्णालय 30 खाटांचं असतं, म्हणजे सगळ्या खाटा भरल्या तरी दहा मुलींपुरतं. तिथे चाळीस जणी पाठवल्या तर पाच जणी एकाच पेशंटचा बीपी घेत उभ्या राहतात आणि लॉगबुकात (वॉर्डात केलेल्या कामांच्या नोंदवहीत) बाळंतपणाच्या नोंदी एकमेकींच्या बघून भरल्या जातात. दुसऱ्या वर्षाच्या मुलीचं लॉगबुक मागून बघा. सगळ्या नोंदी एकाच पेनानं आणि एकाच सहीच्या असतील तर समजायचं ते समजा.

प्रॅक्टिकलची खोली कुलूप उघडून दाखवायला सांगा. इंजेक्शन आणि सलाईन शिकवायचा रबरी हात बघा. वापरातल्या हातावर सुयांच्या खुणांची दाटी असते आणि शीर बदललेली दिसते. प्लॅस्टिकच्या पिशवीत नवाकोरा असला, तर तो तपासणीच्या दिवसासाठी ठेवलेला आहे.

डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या) वर्गात हीच परीक्षा बेसिनची. रोज स्लाइड रंगवल्या जात असतील तर बेसिनला जांभळे डाग असतातच. पांढरंशुभ्र बेसिन लॅबमध्ये शोभत नाही. मायक्रोस्कोपच्या 100 एक्स भिंगाखाली एक स्लाइड लावून द्या म्हणावं. आपल्याकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आणि गडचिरोलीकडे मलेरिया, त्यामुळे सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट स्वतःच्या हातानं करणारा आणि मलेरियासाठी स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब) वाचणारा मुलगा लॅबवाल्यांना हवा असतो. डीएमएलटीला नोंदणी महाराष्ट्र परावैद्यक परिषदेची. घरबसल्या डीएमएलटी देतो म्हणणाऱ्याचं सर्टिफिकेट तिथेच अडकतं.

सीमेवरच्या गावांत आणखी एक फाटा फुटतो. सिरोंच्याहून तेलंगणा जवळ, गोंदियाहून बालाघाट, धारणीहून बऱ्हाणपूर. परराज्यात शिकायला हरकत नाही, पण आधी त्या राज्याच्या परिषदेत नोंदणी, तिथली एनओसी, मग महाराष्ट्रात नोंदणी असा फेरा पडतो. भरतीची जाहिरात या फेऱ्यासाठी थांबत नाही. प्रवेशाच्या कमिशनवर जगणारा एजंट हे सांगत नाही.

फी विचारताना ट्यूशन फी एवढाच आकडा घेऊन उठू नका. युनिफॉर्म, परीक्षा, पोस्टिंग (रुग्णालयातली ड्युटी), हॉस्टेल, मेस, डिपॉझिट असं सगळं तीन वर्षांचं मिळून लेखी मागा आणि प्रत्येक हप्त्याची पावती संस्थेच्या नावाची घ्या. घरून ये-जा करणार असाल तर एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे खरं, पण नाइट ड्युटीला शेवटची गाडी उपयोगाची नाही. रात्रीच्या पोस्टिंगला मुलींना कोण नेतं-आणतं ते विचाराच. दहावी-बारावीचे मूळ कागद पडताळणीपुरते दाखवा, ठेवून घ्यायला देऊ नका. मधेच सोडायची वेळ आली की त्याच कागदांसाठी उरलेल्या वर्षांची फी मागितली जाते.

‘स्कॉलरशिपमध्ये सगळं फुकट’ म्हणणाऱ्यासमोरच महाडीबीटी (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) उघडा आणि फॉर्ममध्ये ती संस्था आणि तोच कोर्स निवडता येतो का बघा. नाव निघालं नाही तर विषय संपला. निघालं तर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि आधार जोडलेलं खातं जूनच्या आतच तयार ठेवा. अनुसूचित जातीसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात, म्हणून तोवर परीक्षेला बसू देणार की नाही, हे प्राचार्यांच्या सहीनिशी लिहून घ्या.