तर कधी सुटते? एआय मदतनिसाला सोबत घेऊन कोकण किनाऱ्यावर नऊ दिवस

बागमांडल्याच्या धक्क्यावर दुपारी सव्वातीनला पोचले तेव्हा फोनमधला मदतनीस कानात सांगत होता, "पूल ओलांडून वेश्वीला उतरा, पुढे केळशी अंदाजे तीस किलोमीटर." समोर सावित्रीची रुंद खाडी, हिलाच बाणकोटची खाडी म्हणतात. लांबवर पाण्यात काही खांब उभे होते, पूल नव्हता. जाळं दुरुस्त करत बसलेल्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "पूल अजून व्हायचाय, ताई. तर येईल आता." मी पुढचं ऐकायला थांबले. पुढे काही नव्हतंच. माणसं, गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीला इथे 'तर' म्हणतात, हे लातूरला वाढलेल्या मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मी शाळेत गणित शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत अलिबाग ते वेंगुर्ला हा साधारण पाचशे किलोमीटरचा किनारा एकटीने सायकलवर केला. बत्तीस मिलिमीटरच्या टायरची हायब्रिड सायकल, मागच्या कॅरिअरवर दोन पिशव्या, सामान चौदा किलो. निघण्याआधी लेकीने एका एआय मदतनिसाची पैसे भरून घ्यायची सेवा महिन्याभरासाठी फोनवर चालू करून दिली. "आई, एकटी आहेस, विचारायला कोणीतरी असू दे," म्हणाली. हे परीक्षण त्या सेवेचं आहे. नाव लिहीत नाही, कारण माझा अनुभव एका महिन्याचा आणि एका आवृत्तीचा आहे, आणि मला आलेली अडचण या जातीच्या कुठल्याही मॉडेलमध्ये येऊ शकते.

आधी जे उत्तम झालं ते सांगते. घरी असताना तोंडी विचारलं होतं, अलिबाग ते वेंगुर्ला एकूण चढ किती? एक गोल आकडा आला. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारला, आकडा वेगळा. वर्गात मी अशा उत्तराला गुण देत नाही. मग रस्त्याची जीपीएक्स फाईल, म्हणजे वाटेवरच्या बिंदूंची जागा आणि उंची नोंदलेली फाईल, त्याला दिली आणि म्हटलं, रीत दाखव. त्याने एक छोटा पायथन प्रोग्राम लिहिला, तो चालवला आणि नऊ दिवसांचा चढ वेगवेगळा काढून दिला. वर हेही सांगितलं की फाईलमधला प्रत्येक बारीक चढ बेरजेत धरला तर आकडा फुगतो, म्हणून आधी उंचीची रेघ थोडी गुळगुळीत करून घेतली. उंचीचे आकडे बहुधा फेब्रुवारी २००० मधल्या अंतराळयानाच्या रडार मोजणीतून आलेले असतील, साधारण तीस मीटरच्या चौकटीत एकच उंची, त्यामुळे खाडीकाठच्या उभ्या कड्याजवळ चूक संभवते, हेही त्यानेच सांगितलं. भाषेचं मॉडेल मनातल्या मनात बेरीज करायला गेलं की चुकू शकतं. तेच प्रोग्राम लिहून मोजायला लागलं की काम पक्कं होतं. अलीकडच्या दोन-तीन वर्षांतली ही सुधारणा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची आहे.

आणि कोकणात हा हिशोब लागतोच. किनारा म्हटल्यावर सपाट रस्ता डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात खाडीच्या पाण्याशी उतरायचं, पलीकडे जायचं, परत जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, चढायचं, वाऱ्यात चार किलोमीटर जायचं, की पुन्हा घाटी उतरून पुढच्या गावात. दिवसातून पाच-सहा वेळा. दाभोळहून गणपतीपुळ्याला जायच्या दिवशी अंतर ऐंशीच्या आत होतं, पण चढ तेराशे मीटरच्या जवळ. हे आधी कळलं म्हणून त्या दिवशी पहाटेच निघाले.

माझ्या सायकलचा सगळ्यात हलका गिअर पुढे अठ्ठावीस दाते, मागे चौतीस. मदतनिसाने मांडून दाखवलं: अठ्ठावीस भागिले चौतीस, गुणिले चाकाचा परीघ सव्वादोन मीटरला थोडा कमी, म्हणजे २.१५. पायाच्या एका फेऱ्यात १.७७ मीटर. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी ६.४ किलोमीटर. "यापेक्षा हळू चढायची वेळ आली तर उतरून ढकलणं गुडघ्यांना सोपं," असं तो म्हणाला. वहीत पडताळून पाहिलं, बरोबर होतं. वाटेतल्या एका घाटीत मी याच आकड्यावर उतरले, आणि उतरल्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

आता पुलाचं. त्या दिवशी दिवेआगरहून केळशीपर्यंतची आखणी त्याने करून दिली होती. त्यात खाडी ओलांडायला वीस मिनिटं धरली होती, कारण त्याच्या लेखी तिथे पूल होता. तरीची वाट पाहणं, गाड्या चढणं-उतरणं, पलीकडे जाणं, यात सव्वा तास गेला. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. वेश्वीनंतरच्या चढ-उतारात अंधार झाला आणि शेवटचे नऊ किलोमीटर मी हँडलवरच्या दिव्यात, एकटीने, गाड्या अंगावर येऊ नयेत म्हणून साइडपट्टीवरून काढले. त्या पाऊण तासात मला भीती वाटली. हे मी सौम्य करून लिहिणार नाही.

चूक कशी झाली असेल, त्याचा मी नंतर शांतपणे विचार केला. रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर मोठे पूल बांधायचं नियोजन आहे आणि त्याच्या बातम्या कित्येक वर्षं येत आहेत. मॉडेल आधीच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द मांडत जातं. बाणकोटची खाडी आणि पूल हे शब्द बातम्यांत इतक्यांदा शेजारी आलेले असताना 'बांधणार' आणि 'बांधला' यांतला फरक त्यात विरघळून गेला असावा. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, हे इंटरनेटवर शोधून सांग, तेव्हा त्याने लगेच चूक मान्य केली आणि फेरीबोटीची माहिती आणली. म्हणजे शोधायची सोय होती. आपल्याला शोधायची गरज आहे, एवढंच त्याला उमगलं नव्हतं. माझ्या फोनमध्ये ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारा ऑफलाइन नकाशाही होता. त्यात बागमांडला ते वेश्वी पाण्यातून तुटक रेघ स्पष्ट काढलेली आहे. २००४ पासून लोकांनी हाताने भरत आणलेला नकाशा. तो मी आदल्या रात्री उघडून पाहायला हवा होता.

मराठीचं सांगायचं तर बोलून विचारता येतं आणि बहुतेक वेळा नीट कळतं, याचं मला मनापासून कौतुक आहे. यामागे बरीच मेहनत आहे. मॉडेल मजकुराचे तुकडे पाडून वाचतं, त्यांना टोकन म्हणतात, आणि देवनागरीचे तुकडे पूर्वी फार पडायचे. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ आणलं तेव्हा त्यांच्या मराठी नमुना मजकुराला ९६ ऐवजी ३३ टोकन पुरू लागले. तुकडे कमी म्हणजे वेग जास्त, खर्च कमी. पण शब्द पोचले तरी गाव पोचतंच असं नाही. "तर कधी सुटते?" असं मी धोपाव्याच्या वाटेवर विचारलं, तर त्याने विचारलं, "नक्की काय सुटण्याबद्दल बोलताय?" 'फेरीबोट' म्हटल्यावर कळलं. 'सडा' म्हटलं की अंगणात घालायचा सडा. 'साकव' मात्र त्याला ओढ्यावरचा छोटा पूल म्हणून बरोबर ठाऊक होता, तिथे मीच शिकले.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो गुहागरच्या बाजारपेठेत. दाभोळच्या तरीत एक मोटारसायकल टेकून माझी सायकल उजव्या अंगावर पडली होती. नंतर मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चकतीवर चेन टाकली की स्पोकजवळून टकटक आवाज येऊ लागला. फोटो काढून पाठवला. त्याने निदान ठोकून दिलं नाही. म्हणाला, या कोनातून दिसत नाही, सायकल सरळ उभी करा आणि चाकाच्या रेषेत मागून फोटो काढा. दुसरा फोटो पाहून सांगितलं की गिअर बदलताना चेन सरकवणारा डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर आत वाकलेला दिसतो, मोठ्या चकतीवर चेन टाकू नका, डिरेलर स्पोकमध्ये गेला तर चाक जागच्या जागी अडकेल. एल अक्षराचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने अर्धा फेरा आत घ्या, म्हणजे डिरेलर तिथवर जाणारच नाही. स्क्रू कुठला, तेही फोटोवर गोल काढून दाखवलं. एका हलक्या गिअरवर पाणी सोडून मी तवसाळला पोचले, तरीने जयगडला उतरले आणि दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत सायकलवाल्या दादांनी हँगर सरळ करून दिला. त्यांनीही आधी तोच स्क्रू पाहिला.

बॅटरीचा खर्च मोठा आहे. बोलत राहिलं तर फोन दुपारीच मान टाकतो. वीस हजार एमएएचची पॉवर बँक नसती तर जमलं नसतं. घाटी उतरून वाडीत शिरलं की नेटवर्क जातं आणि मदतनीस मुका होतो, नेमका जिथे रस्ता फुटतो तिथे. गूगलने २०२५ मध्ये जेम्मा ३एन हे फोनमध्येच चालू शकणारं मॉडेल खुलं केलं आहे. मला हवंय ते या दिशेचं काहीतरी: लहान, नेटशिवाय चालणारं, सायकल दुरुस्तीचं पक्कं आणि मराठी बोलणारं. व्यायामाची नोंद ठेवणारं अ‍ॅप स्ट्राव्हाने २०२४ मध्ये आणि सायकल-घड्याळांची उपकरणं बनवणाऱ्या गार्मिनने मार्च २०२५ मध्ये राइडनंतर विश्लेषण करणाऱ्या एआय सोयी आणल्या. तालीम करणाऱ्यांना त्या कामाच्या असतील. सामान लादून निघालेल्या बाईचा प्रश्न मात्र उद्या अंधाराआधी पोचेन का, हा असतो.

गुणच द्यायचे तर फाईलच्या गणिताला दहापैकी नऊ, दुरुस्तीला नऊ, मराठीला सात, वाटेवरच्या स्थानिक माहितीला तीन. लांबच्या सायकल प्रवासाला निघणाऱ्याने एका महिन्याचे पैसे भरावेत, वर्षाचे नको. खाडी, घाट, जंगल जिथे आडवं येतं तिथल्या वेळा आदल्या मुक्कामी माणसांना विचारून घ्याव्यात, आणि बाईमाणूस एकटी असेल तर सूर्यास्ताआधी दीड तास मोकळा ठेवूनच आखणी करून घ्यावी. ही अट मी पावस गावी त्याला घातली. पुढचे सगळे दिवस त्याने ती न विसरता पाळली, आणि विजयदुर्गाच्या अलीकडे एकदा तर मीच पुढे जायचा हट्ट धरला असताना आठवण करून दिली की सूर्यास्ताला एक तास वीस मिनिटं उरली आहेत. मी त्याच गावात खोली शोधली.