१६ अँपिअरचा छाप, ६ अँपिअरच्या पिना: स्मार्ट प्लगच्या नावावर गेलेले ९,६६७ रुपये

आधी हिशेब. सहा स्मार्ट प्लग (वायफायवरून, फोनने चालू-बंद होणारे), नगाला ६४९ प्रमाणे ३,८९४ रुपये. कुरिअरचे १८०. ‘वॅट मीटर ॲक्टिव्हेशन’ नगामागे ९९, म्हणजे ५९४. शेवटी ‘रिफंड’ म्हणून आलेल्या क्यूआर कोडवर ४,९९९. एकूण ९,६६७ रुपये गेले, त्यातला एकही परत आलेला नाही. खेड्यात राहून स्कॅनर (म्हणजे फ्रिक्वेन्सी चाळत ऐकणारा रेडिओ सेट) आणि शॉर्टवेव्ह चालवणाऱ्यांना नेमकं हेरून हा धंदा चाललाय, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

प्लग कशाला हवे होते ते आपल्यातल्यांना सांगायला नको. माणूस वावरात असतो आणि अवकाश स्थानक आपल्या वेळेला डोक्यावरून जातं. त्या वेळी त्याचा आवाज ऐकायला १४५.८०० मेगाहर्ट्झवर सेट आपोआप सुरू व्हावा, आणि आभाळ भरून आलं की फोनवरूनच सगळं टेबल बंद करता यावं, एवढंच. स्कॅनर स्वतः जेमतेम १०-१५ वॅट खातो. तरी १६ अँपिअरचाच प्लग मागितला, कारण सेट ट्रान्सफॉर्मरवाल्या १३.८ व्होल्ट सप्लायवर चालतात. असा ट्रान्सफॉर्मर चालू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. हलक्या रिलेचे, म्हणजे प्लगातल्या वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, काँटॅक्ट त्या झटक्यात एकमेकांना चिकटतात. मग ॲपवर ‘बंद’ दिसतं आणि सप्लाय मात्र गुणगुणत राहते. म्हणजे मागणी चुकीची नव्हती. तालुक्याच्या दुकानात स्मार्ट प्लग मागितला तर कुलरचा टायमर काढून देतात, म्हणून रेडिओवाल्यांच्या ग्रुपवर आलेल्या माणसाकडून घेतले. तो स्क्वेल्च, एसडब्ल्यूआर, कॉलसाइन, रेडिओवाल्यांची सगळी भाषा बरोबर बोलत होता. मीडियम वेव्हवर खरखर होणार नाही असा प्लग आहे, असंही म्हणाला. हे ज्याला सुचतं त्याच्यावर विश्वास बसतो. अजूनही वाटतं, कोणाचाही बसला असता.

पण फोटो. ऑर्डर देण्याआधी त्याने पाठवलेला तो फोटो मी अजून पुसलेला नाही. पांढरा प्लग, खाली ठळक अक्षरांत ‘१६ ए’, आणि वर तीन बारीक पिना. आयएस १२९३ ह्या प्लगांच्या भारतीय मानकाप्रमाणे ६ अँपिअरच्या प्लगच्या फेज आणि न्यूट्रलच्या पिना साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या असतात, १६ अँपिअरच्या साधारण ७ मिलिमीटरच्या. कुलरची पिन आणि मोबाइल चार्जरची पिन शेजारी धरली की लहान पोराला फरक कळतो. ५ मिलिमीटरच्या पिनेवर १६ अँपिअर छापलं असेल तर तो छाप खोटा, विषय तिथेच संपतो. मी तो फोटो मोठा करून पाहिला होता. अक्षरं वाचली, पिना पाहिल्या नाहीत. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरचे बोर्ड तपासून देणाऱ्याला हे दिसू नये, ह्याचा राग पैशापेक्षा जास्त आहे.

बिलावरचा जीएसटी नंबर मोजायला हवा होता. तो १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातल्या विक्रेत्याचा २७ ने सुरू होतो. ह्या बिलावर १४ अक्षरं होती. पैसे देण्याआधी नंबर जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा, दोन मिनिटं लागतात.

प्लग आले, वायफायला जोडलेही गेले. असे प्लग बहुधा २.४ गिगाहर्ट्झच घेतात, त्यामुळे ५ वर ठेवलेल्या राउटरला जोडला जात नाही म्हणून लगेच प्लगला दोष देऊ नका. ॲपमध्ये वॅटचा रकाना मात्र नव्हताच. फोन केला तर म्हणे मीटर सर्व्हरवरून चालू करावा लागतो, ९९ रुपये. लक्षात ठेवा, वॅट मोजायला प्लगच्या आत वेगळी चिप लागते. ती नसेल तर जगातला कुठलाही सर्व्हर ती उगवून देणार नाही. घरच्या घरी तपासायचं तर आधी ९ वॅटचा एलईडी दिवा लावा, मग १०० वॅटचा जुना बल्ब. आकडा त्याच प्रमाणात हलला पाहिजे.

तिसऱ्या दिवशी एकाचे काँटॅक्ट चिकटले. स्टिकरखालचे दोन स्क्रू काढून उघडला. रिलेच्या निळ्या डबीवर ‘५ ए २५० व्हीएसी’. मोजणाऱ्या चिपच्या जागी नुसते डागाचे रिकामे ठिपके. व्होल्टेज उसळलं तर झेलणाऱ्या व्हॅरिस्टरची जागा छापलेली, व्हॅरिस्टर नाही. फ्यूज नाही. रात्री शेतीचे पंप बंद झाले की आपल्याकडे व्होल्टेज कुठे जातं ते डीपीशेजारी राहणाऱ्याला विचारा, आणि हा माल त्या लाईनवर लावायचा!

खरखरीचं तर बोलूच नका. आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर दिवसा स्वच्छ लागतं. तीन प्लग लावताच त्यावर करवतीसारखा आवाज, आणि ७ मेगाहर्ट्झवर सिग्नल मीटरचा काटा रिकाम्या बँडवर एस-२ वरून एस-७ वर. आतल्या स्वस्त स्विचिंग सप्लायला फिल्टरच नाही. खात्री करायची तर सेट बॅटरीवर घ्या, घराचा मेन बंद करून ऐका, मग मेन चालू करून एकेक प्लग लावत जा. चांगल्या प्लगनेही थोडी खरखर होते. सप्लायच्या वायरचे ३१ नंबर मटेरियलच्या फेराइट रिंगमधून ८-१० वेढे घेतले की मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्हवरची बरीच बसते. मात्र आरटीएल डोंगलवर (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर) १४४.० मेगाहर्ट्झला दिसणारी रेघ प्लगच्या माथी मारू नका. ती डोंगलच्या २८.८ मेगाहर्ट्झ क्रिस्टलची पाचवी पट आहे.

उघडलेल्या प्लगचे फोटो पाठवून पैसे परत मागितले. तो लगेच कबूल झाला. भांडला नाही, तेव्हाच खटकायला हवं होतं. म्हणाला, तुमचे ४,६६८ आणि त्रासाचे ३३१, पूर्ण ४,९९९ देतो, कोड स्कॅन करा. हिशेब रुपयाला रुपया जुळत होता, म्हणून बोट थांबलं नाही. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे मी दुसऱ्यांना सांगत आलोय. फवारणीचा पंप पाठीवर, बांधावर उभा, रेंज येते-जाते, त्यात टाकला पिन.

त्यानंतरचं ऐका. बँकेत गेलो तर ‘पिन तुम्हीच टाकला ना?’ एवढं बोलून खिडकीवाला पुढच्याकडे वळला. लेखी अर्ज घेईना. घेतला तेव्हा पोच देईना. चौकीत म्हणाले, रक्कम लहान आहे, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो तर बँकेचा शिक्का असलेलं स्टेटमेंट आणा. परत बँकेत, तिथे दोन दिवस लिंक नाही. गाव ते तालुका १४ किलोमीटर, सोयाबीन ऐन शेंगेत, अशा तीन चकरा. आणि सगळ्यांत जिव्हारी लागलं ते हे, की तक्रारीत ‘स्कॅनर’ हा शब्द वाचून समोरच्याने पेन खाली ठेवलं. ‘म्हणजे पोलिसांचं वायरलेस ऐकता का?’ फसवला गेलेला मी, आणि परवाना दाखव म्हणून अर्धा तास उभाही मीच. परवाना होता, दाखवला. हौशी रेडिओची परीक्षा काय, कोणता बँड आपला आणि कोणता नाही, हे त्यांना समजावत बसलो. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचा नंबर कागदावर समोर होता. त्याला फोन लावायला कोणी हात हलवला नाही. ‘कळवू’ म्हणाले. कळवलेलं नाही.

म्हणून क्रम उलटा करा. पैसे गेले की बँक नाही, चौकी नाही, आधी १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. त्याच तासात फोन गेला तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. मी १९ तासांनी केला. व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर हाताशी ठेवा, आणि तक्रारीत ‘स्कॅनर’ लिहू नका, ‘रेडिओ रिसीव्हर’ लिहा. परवान्याची झेरॉक्स सोबत न्या.

प्लग घ्यायचाच असेल तर आयएसआय खूण आणि तिच्याखालचा सीएम/एल (परवान्याचा) नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहा. लाईन परत आल्यावर प्लग बंदच राहावा अशी सेटिंग आहे का, ते विचारा. आपल्याकडे लाईन दिवसात दहा वेळा जाते, प्रत्येक येण्याला सेटला झटका नको. स्कॅनर चालू असताना पिन उपटून परत लावा. तो आपोआप सुरू झाला नाही, स्टँडबायवर थांबला, तर स्मार्ट प्लगचा तिथे उपयोग नाही. रास्पबेरी पाय (छोटा संगणक) असेल तर आधी तो नीट शटडाऊन करा, नाहीतर मेमरी कार्ड जातं. प्लगातला रिले बहुतेक एकच तार तोडतो. म्हणून टेस्टर लावून बघा, अर्थिंगचं भोक वर असताना फेज उजवीकडे हवा. जुन्या घरांत तो सर्रास डावीकडे असतो आणि मग ‘बंद’ सेटमध्येही करंट राहतो. आणि वीज कडाडत असेल तर अँटेनाची केबल आधीच काढलेली हवी. प्लग अँटेना तोडत नाही.

तोच माल अजून फिरतोय. ओळख सांगतो: पांढरी चौकोनी डबी, डाव्या कडेला हिरवा दिवा, पिनांच्या खाली उठावात ‘१६ ए’, सीएम/एल नंबर कुठेही नाही, मागच्या चंदेरी स्टिकरखाली दोन स्क्रू. हा फोटो तुमच्या ग्रुपवर आला तर अक्षरं राहू द्या, पिना बघा.