लॅपटॉप घरची डीव्हीडी वाचेना: ड्राइव्ह साफ करावा, बदलावा, बाहेरून जोडावा, की डिस्कच दुकानात द्यावी?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारचे काकाजी कापडाच्या पिशवीत सात डिस्क घेऊन घरी आले. थोरल्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग, २००९ चं. सिनेमाची विकत आणलेली डीव्हीडी त्यांचा लॅपटॉप लगेच चालवतो. लग्नाची डिस्क टाकली की घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो आणि शेवटी ड्राइव्हमध्ये डिस्कच नाही असं सांगतो. “शिनेमा त चालते ना जी, मंग आपल्या पोरीचंच लगन काहून दिसत नाई?” असं त्यांनी विचारलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात हा प्रश्न पाच-सहा घरांत तरी आहे. म्हणून मी करून पाहिलेले चारही मार्ग इथं शेजारी शेजारी ठेवतो.

आधी काकाजींच्या प्रश्नाचं उत्तर. बाजारातली डिस्क कारखान्यात साच्यावर दाबून निघते. तिच्यातले माहितीचे बारीक खड्डे प्लास्टिकमध्ये उमटलेले असतात, ते फिके पडत नाहीत. स्टुडिओत राइट केलेल्या डिस्कमध्ये खड्डे नसतात. तिथं सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेझरनं त्यावर ठिपके जाळलेले असतात. ऊन, उष्णता आणि वर्षं यांनी तो रंग खराब होत जातो आणि जळलेला भाग नि कोरा भाग यांतला फरक पुसट होतो. आमच्याकडे या डिस्क टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत पडून असतात आणि मे महिन्यात बाहेरच पारा ४५ अंशांवर जातो. दुसरीकडे डिस्क वाचणारा लॅपटॉपचा लेझरही म्हातारा होतो आणि लेन्सवर धूळ बसते. तुरीचं कुटार आणि कापसाची तूस घरात सगळीकडे उडते, ती ड्राइव्हला कशी सोडेल? ठळक खड्डे अशा थकलेल्या लेझरलाही दिसतात, पुसट ठिपके दिसत नाहीत. रीराइटेबल, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यू डिस्कचं तर आणखी अवघड. साधी एकपदरी डीव्हीडी तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत पाठवते, तर डीव्हीडी-आरडब्ल्यू फक्त १८ ते ३० टक्के.

म्हणजे दोष ड्राइव्हचा असेल किंवा डिस्कचा, आणि बऱ्याचदा दोघांचा थोडाथोडा असतो. पैसे कुठं घालायचे हे यावरच ठरतं, म्हणून अर्धा तास तपासणीला द्या.

कंपनीची एखादी सीडी, कंपनीची एखादी डीव्हीडी आणि घरची राइट केलेली डिस्क अशा तीन डिस्क जवळ घ्या. सीडी सगळ्या चालतात आणि डीव्हीडी एकही नाही, किंवा याच्या उलट, असं झालं तर समजावं की दोनपैकी एक लेझर गेला. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल, असे दोन वेगळे लेझर असतात. अशा वेळी साफसफाईवर फार आशा ठेवू नका. कंपनीच्या दोन्ही डिस्क चालतात आणि घरच्याच अडतात, तर तीच घरची डिस्क दुसऱ्या कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालून पाहा. शाळेतला किंवा सेवा केंद्रातला जुना डेस्कटॉपही चालेल. तिथं चालली तर तुमचा ड्राइव्ह कमजोर, तिथंही अडली तर डिस्क. आणि ड्राइव्हचं चिन्हच कॉम्प्युटरमध्ये दिसत नसेल तर ती जोडणीची किंवा विंडोजची गोष्ट आहे, तिचा या लेखाशी संबंध नाही.

आणखी एक गोष्ट मी दोनदा पाहिली. डिस्क उघडते, आत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर दिसतं, पण चित्र सुरू होत नाही. इथं ड्राइव्ह ठणठणीत असतो. विंडोज १० मध्ये डीव्हीडी चालवण्याची सोय मुळात येतच नाही. व्हीएलसी हा मोफत प्लेअर टाकला की काम होतं. एका मास्तरांनी याच कारणासाठी ड्राइव्ह बदलायला काढला होता.

डिस्कही डोळ्यांनी बघा. दारात उभं राहून ती तिरपी धरली की खालच्या बाजूला आतल्या कड्यापासून बाहेरपर्यंत एक पट्टा थोडा वेगळ्या छटेचा दिसतो. तेवढ्या भागात लिहिलेलं आहे. पट्टा दिसतच नसेल तर डिस्क कोरी असू शकते. लग्नाच्या गडबडीत स्टुडिओवाल्याकडून कोरी डिस्क पाकिटात गेल्याचं मी पाहिलंय. सीडी असेल तर ती उजेडाकडे धरून आरपार बघा. सीडीचा चकचकीत थर वरच्या, नाव लिहायच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. बॉलपेननं दाबून नाव लिहिलं तरी तो फाटतो, आणि तिथून उजेड टाचणीच्या भोकासारखा आत येतो. तेवढी माहिती गेली. डीव्हीडीत थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती वरच्या ओरखड्यांना एवढी घाबरत नाही. पण स्टुडिओवाल्यानं नवरा-नवरीच्या फोटोचा कागदी स्टिकर चिकटवला असेल आणि तो एका बाजूनं फुगला असेल, तर फिरताना ती डिस्क डगमगते. स्टिकर ओढून काढू नका.

पहिला मार्ग, लेन्स साफ करणं. खर्च जवळजवळ शून्य आणि लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये हे सोपंही आहे, कारण ट्रे बाहेर आला की लेन्सही त्याच्यासोबत बाहेर येते. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. चालू ड्राइव्हच्या लेन्सकडे कधी बघू नका, सीडीचा लेझर तर डोळ्यांना दिसतही नाही. ट्रेच्या तोंडावरच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप दाबली की ट्रे सुटतो. मसुरीच्या डाळीएवढा निळसर झाक असलेला काचेसारखा मणी दिसेल, तीच लेन्स. ती अगदी नाजूक तारांवर टांगलेली असते, म्हणून बोटानं दाबायची नाही. रबरी पंपानं आधी धूळ उडवा. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब तिच्यावर बसतात. मग कान कोरायच्या कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच थेंब घेऊन हलकेच फिरवा आणि वाळू द्या. गावात हे द्रव्य कुठं मिळणार, तर मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे. बोर्ड धुवायला तो तेच वापरतो, ‘आयपीए’ म्हणून मागा. सॅनिटायझर मात्र लावू नका, त्यातल्या ग्लिसरिनचा लेप लेन्सवर राहतो. ब्रश लावलेली क्लीनर डिस्क मिळते, पण एवढ्या पातळ ड्राइव्हमध्ये तिचा ब्रश लेन्सवर आपटायची मला भीती वाटते, मी ती वापरत नाही.

डिस्कही मऊ सुती कापडानं पुसा, मधून काठाकडे, सरळ रेषेत. गोल-गोल पुसलं आणि खडा अडकला तर ओरखडा माहितीच्याच रेषेवरून लांब जातो. काकाजींच्या सातपैकी तीन डिस्क एवढ्यानंच सुरू झाल्या.

काही कारागीर लेझरजवळचा बारीक स्क्रू फिरवून त्याला जास्त करंट देतात. ड्राइव्ह काही दिवस तरतरीत होतो आणि मग लेझर जळतो. तसं करू देऊ नका.

दुसरा मार्ग, आतला ड्राइव्ह बदलणं. खरं सांगतो, मला आता हा पटत नाही. बदलणं अवघड नाही, बहुतेक लॅपटॉपमध्ये खालून एक स्क्रू काढला की ड्राइव्ह सरकून बाहेर येतो. अडचण सुटा भाग मिळवण्याची आहे. जाडी १२.७ मिलिमीटर की ९.५, जोडणी जुनी आयडीई की साटा, हे आधी पाहून जावं लागतं, आणि पुढची प्लास्टिकची पट्टी जुन्यावरून काढून नव्यावर बसवावी लागते. तालुक्याला हे मिळत नाही, नागपूरला सीताबर्डीपर्यंत जावं लागतं आणि त्यात दिवस जातो. तिथंही बऱ्याचदा दुसऱ्या जुन्या लॅपटॉपमधून काढलेलाच ड्राइव्ह हाती येतो. त्याचा लेझर तुमच्याएवढाच थकलेला. मला एकदा नवा म्हणून दिलेला ड्राइव्ह उघडला तेव्हा आत कापसाची तूस निघाली होती. लॅपटॉप अजून चार-पाच वर्षं वापरायचा असेल तर त्या जागेत कॅडी (ड्राइव्हच्या मापाची चौकट) बसवून एसएसडी, म्हणजे वेगवान साठवणीची डिस्क घाला, त्या पैशांचं चीज होईल.

तिसरा मार्ग, यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह. माझं मत याच्याच बाजूनं आहे. मी घेतला तेव्हा १,५०० रुपये पडले. लॅपटॉप बदलला तरी तो कामाला येतो, आणि आता नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह असतोच कुठे? घेताना विजेचं बघा. यूएसबी २.० चं एक तोंड ५०० मिलिअँपिअरच देतं आणि डिस्क फिरायला सुरुवात करताना ड्राइव्हला त्याहून जास्त लागू शकतं. वीज कमी पडली की ड्राइव्ह टिक-टिक करतो, मध्येच गायब होतो, आणि आपण डिस्कला दोष देत बसतो. म्हणून दोन तोंडांची केबल घ्या किंवा निळ्या रंगाच्या यूएसबी ३.० मध्ये लावा, ते ९०० देतं. एका तोंडाची अनेक तोंडं करणाऱ्या यूएसबी हबमधून जोडू नका. आमच्या वेटाळातल्या चार घरांनी मिळून एकच ड्राइव्ह घेतला, तोही हिशेब बरा आहे. काकाजींच्या उरलेल्या चारपैकी तीन डिस्क यानं वाचल्या.

घरात किंवा नात्यात जुना डेस्कटॉप धूळ खात पडला असेल तर विकत घेण्याआधी त्याचा ड्राइव्ह नक्की लावून बघा. तो मोठा, जड, स्थिर असतो. पातळ ड्राइव्हनं नाकारलेल्या डिस्क त्यानं वाचल्याचं मी अनेकदा पाहिलंय.

चौथा मार्ग, दुकानात देणं. डिस्क दोन-चारच असतील तर हाच स्वस्त. माझ्याकडून तालुक्याच्या स्टुडिओनं एका डिस्कचे ५० रुपये घेतले, म्हणजे काकाजींच्या सात डिस्कना ३५० लागले असते. पण दोन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, ‘कन्व्हर्ट’ करू नका, फोल्डर जसंच्या तसं उतरवा. छोटी फाइल करून दिली की चेहरे चिखलासारखे होतात आणि मूळ डिस्क पुढं मेली की तेवढंच उरतं. दुसरं, कॉपी मध्येच अडली तर डिस्क परत द्या, खडबडीत काही घासू नका. दुकानदाराला गर्दीत वेळ नसतो. सायक्लिक रिडंडन्सीची चूक, म्हणजे डिस्कवरची माहिती नीट वाचता आली नाही अशी सूचना, पडद्यावर आली की ‘खराब आहे’ म्हणून तो परत करतो, आणि खरी मेहनत तिथूनच पुढं सुरू होते.

पेनड्राइव्हचा एक फेरा सांगून ठेवतो. १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर ४.७ जीबीच्या तीन डिस्क मावतात. पण पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीहून मोठी एकसंध फाइल तो घेत नाही, म्हणून पूर्ण भरलेल्या डिस्कची आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल) त्यावर जात नाही आणि लोक म्हणतात डिस्क अडली. फोल्डर उतरवलं तर ही अडचण नाही, कारण आतली प्रत्येक व्हिडिओ फाइल १ जीबीच्या आतच असते.

तेव्हा घरात दोन-तीनच डिस्क आणि लेन्स साफ करूनही अडलेल्या असतील, तर दुकान. दहा-पंधरा असतील, बाबांची खंजिरी भजनं, मुलांचे वाढदिवस, लग्नं, तर बाहेरचा ड्राइव्ह, तोही या दिवाळीच्या आत. पुढचा उन्हाळा त्या रंगाला आणखी फिका करेल. आतला ड्राइव्ह मी फक्त त्याला सुचवीन ज्याला रोज डिस्क लागते आणि ज्याच्याकडे जुळणारा नवा भाग खात्रीनं मिळतोय.

काकाजींची सातवी डिस्क कुठंच पूर्ण उतरली नाही. ती मी उबंटूवर (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) डीडीरेस्क्यू या मोफत प्रोग्रॅमला दिली. हा प्रोग्रॅम आधी सोपा भाग उचलतो, अवघड जागा मागे ठेवतो आणि नंतर पुन्हा पुन्हा तिथंच जातो. कुठवर वाचलं याची नोंद तो फाइलमध्ये ठेवतो, म्हणून रात्री दोनदा लाइन गेली, जुन्या बॅटरीचा लॅपटॉप बंद पडला, तरी काम होतं तिथूनच पुढं सुरू झालं. दुसऱ्या दिवशी तीच नोंद घेऊन डेस्कटॉपच्या ड्राइव्हवर लावली, तेव्हा पहिल्याला न जमलेले काही तुकडे दुसऱ्यानं वाचले. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि हाताळणीत काठ आधी खराब होतो. त्यामुळे हळद, मांडव, मंगलाष्टकं सगळं स्वच्छ आलं आणि गेलं ते शेवटाजवळचं, पाठवणीतलं सव्वा मिनिट. तिथं चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो. मग गाडीचं दार लागताना दिसतं आणि काकाजी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसताना दिसतात. त्या फोल्डरच्या दोन प्रती केल्या. एक त्यांच्याकडे आहे, दुसरी मुलीकडे वर्ध्याला पोचवली.