‘बायोसिक्युरिटी लेव्ही’सारख्या नावांखाली १,४१,९८० रुपये लुटले, बेदाणावाल्यांनो, सावध राहा

द्राक्षं उचलून पैसे बुडवणारे दलाल आपल्या भागाला नवे नाहीत. आता माल न उचलताच पैसे नेणारे आलेत.

मी तासगाव तालुक्यातला बेदाणा उत्पादक. माल कोल्ड स्टोरेजला, भाडं चढतंय, सौद्यात (लिलावात) बॉक्स फोडून होणारी उधळण आणि वजनातल्या तुटीच्या नावाखाली जाणारा माल वेगळाच. अशा वेळी ओळखीतून एकाचा फोन आला: न्यूझीलंडचा खरेदीदार आहे, थेट निर्यात करा. दर बाजारापेक्षा थोडाच जास्त होता. दुप्पट सांगितला असता तर मी फोनच ठेवला असता.

आयात-निर्यात कोड आणि नोंदणीचे म्हणून १७,७०० घेतले. हा कोड डीजीएफटीच्या (केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ५०० रुपयांत निघतो. मग न्यूझीलंडच्या १९९३च्या बायोसिक्युरिटी कायद्याखालची (बाहेरची कीड-रोग देशात येऊ नये म्हणूनच्या कायद्याखालची) लेव्ही, म्हणजे आकार, म्हणून ३८,५००. कायदा खरा, लेव्हीही खरी, म्हणून तर माणूस फसतो. पण ती लेव्ही तिथल्या आयातदारानं तिथल्या कस्टम्सकडे भरायची असते. सांगलीच्या शेतकऱ्यानं आगाऊ भरायचा प्रश्नच येत नाही. मग फ्युमिगेशन (कीड मारायची धुरी) आणि माल ठेवायच्या लाकडी पॅलेटच्या उष्णता प्रक्रियेचे २४,७८०.

आणि मग ते फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला, व्हॉट्सॲपवर आलं. गोल शिक्का, सही, २००३च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरचा उल्लेख, माझं नाव, वजन, ‘तपासणीत कीडमुक्त’. माझे १५ किलोचे बॉक्स तेव्हा कोल्ड स्टोरेजमध्ये जसेच्या तसे होते! एक बॉक्स फुटला नव्हता, मूठभर नमुना कुणी नेला नव्हता. मग तपासलं काय? फ्युमिगेशन कशाचं झालं? पाल चुकचुकायची ती इथंच. मी तिथल्या तिथं फोन करून विचारलंही. तो म्हणाला, ‘दादा, हे प्री-क्लिअरन्स आहे, प्रत्यक्ष तपासणी न्हावाशेवाला होते.’ इतक्या सहज, इतक्या सफाईनं म्हणाला की पुढं काय विचारावं? मी बागायतदार आहे, कस्टम्सचा एजंट नाही. हे आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. तपासणीआधी प्रमाणपत्र मिळतच नाही, एवढी एक ओळ आम्हाला कुणी कधी सांगितली होती?

त्यानंतर ‘परत मिळणारी क्वारंटाइन अनामत’ म्हणून ६१,०००. मग फोन बंद.

सरकारी फी कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीच जात नाही, हे वहीत लिहून ठेवा.

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. खोटा सरकारी शिक्का मारलेला कागद समोर ठेवलाय आणि वाद दिवाणी? बँकेत म्हणाले, तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार. कृषी कार्यालयात सांगितलं, निर्यात आमच्याकडे येत नाही. असं प्रमाणपत्र देणाऱ्या क्वारंटाइन कार्यालयाला फोन लावला तर प्रमाणपत्र आमचं नाही, एवढं सांगून विषय संपवला. अहो, तुमच्या नावाचा शिक्का मारून लोक शेतकऱ्याला लुटतायत, तुम्हाला राग येत नाही? निर्यात वाढवा म्हणून मेळावे घेता, हार-तुरे घेता, आणि लुटला गेला की तो कुणाच्याच टेबलावरचा नसतो?

पैसे गेले की पहिल्या तासात १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, ठाण्याची वाट बघू नका. माझी तक्रार तिथंच नोंदली गेली, पण तोवर खात्यातले पैसे पुढं गेले होते. खरेदीदाराकडून त्याच्या देशातल्या आयातीच्या अटी लेखी मागा. खरा असेल तर देतो. प्रमाणपत्र आलं की त्यावरचा क्रमांक पैसे देण्याआधी क्वारंटाइन कार्यालयातून पडताळून घ्या. लाकडी पॅलेटवर शिक्का नसेल तर प्रक्रियेचे पैसे देऊ नका.

कवठेमहांकाळकडच्या एका बेदाणावाल्याकडेही असाच कागद आलाय, फक्त नाव आणि वजन बदललेलं. आणखी कुणाकडे असेल तर चॅट पुसू नका, पैसे पाठवल्याच्या पावत्या जपा आणि मला कळवा. एकेकट्याला हाकलून देतात, आम्ही आता सगळे मिळून जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे अर्ज देतोय.